पंगतीतला राजा

सांगलीच्या जुन्या पेठेतलं ते थेटर आता थेटर राहिलेलं नाही. गेल्या महिन्यात चादरी घ्यायच्या म्हणून मी तिथं गेले, तर दारावर हातमागाच्या सेलचा कापडी फलक. आतल्या खुर्च्या गेल्यात. फरशीचा उतार मात्र तसाच आहे, त्यामुळे चादरींच्या गठ्ठ्यांची टेबलं सगळी पुढं कललेली, आणि प्रत्येकाच्या पुढच्या पायांखाली विटांचे तुकडे. पडद्यामागची भिंत पिवळी पडली आहे. तिच्यावर साधारण माझ्या खांद्याइतक्या उंचीवर महापुराच्या पाण्याची करडी रेघ आहे. नव्या कापडाच्या खळीचा वास सगळीकडं भरून होता. पण मी कोपऱ्यातल्या जिन्यापाशी गेले, तर तिथं तो जुना वास अजून होता. ओल्या काथ्याचा, विड्यांचा, आणि वर कुठंतरी वटवाघळं असावीत तसा.

"कुठली दाखवू, मावशी? सोलापुरी की इचलकरंजी?" विकणाऱ्या मुलीनं विचारलं.

मी म्हटलं, "थांब जरा. बघते."

बघत होते ते दुसरंच. जिथं डबल बेडच्या चादरी रचल्या होत्या, तिथं मधल्या रांगेतल्या दोन खुर्च्या होत्या. एका रविवारी सकाळी त्या दोन खुर्च्यांवर दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले होते. त्याआधी गावात साठ वर्षं ते एका उंचीवर कधी बसले नव्हते.

कॉलेजला असताना मी सांगलीत वसतिगृहात राहायची. आमच्या इंग्रजीच्या चौगुले सरांनी एक फिल्म सोसायटी चालवली होती. महिन्यातून एका रविवारी, थेटरचा नेहमीचा खेळ सुरू व्हायच्या आधी, सकाळी साडेनऊला परदेशी सिनेमा दाखवायचे. पत्र्याच्या डब्यांतून रिळं रेल्वेनं यायची. सर जैन, काटकोळे, पांढरा सदरा घालणारे. हसले तरी आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे. माझ्याकडं काम होतं ते सिनेमाची माहिती मराठीत लिहून तिच्या प्रती काढण्याचं. शाईनं बोटं निळी व्हायची. रविवारी पहाटे धुतलेल्या केसांनी सायकल हाणत पेठेतून यायचं. हळदीची दुकानं बंद असायची, तरी रस्त्याच्या कडेला पिवळी धूळ असायचीच, आणि हिवाळ्याच्या उन्हात ती उडाली की सगळा रस्ता फोडणी दिल्यासारखा वास द्यायचा. कुणीतरी भडंगाचा पुडा आणलेला असायचा. काळोखात तो फिरायचा, आणि एखाद्या गंभीर रशियन सिनेमात शेंगदाणा चावल्याचा आवाज केवढा मोठा वाटायचा!

एकदा सरांनी पुढच्या सिनेमाची माहिती असलेला टंकलिखित कागद माझ्या हातात दिला. इंग्लंडमधला जुना, काळा-पांढरा सिनेमा. मरणावर हसवणारा. एका लॉर्डसाहेबांचा वाडा गळायला लागलाय. तो कुणाच्या तरी गळ्यात मारायचा म्हणून हिंदुस्थानातल्या एका महाराजांना जेवायला बोलावलंय. त्याच संध्याकाळी लॉर्डचा पुतण्या काकाला विष घालायचं ठरवतो.

मी वाचता वाचता थांबले. कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. "सर, हे महाराजांचं काम कुणी केलंय?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "ते दिलेलं नाही. का गं?"

मी म्हटलं, "आमच्या गावात एक जण आहेत."

आमचं गाव कडेगाव तालुक्यात. गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती होती तिथं दौलतनाना राहायचे. दौलत रामा कांबळे. माझे आजोबा, म्हणजे आबा, आणि दौलतनाना एकाच वयाचे. दोघंही महायुद्धात इटलीला जाऊन आलेले, आबा हवालदार म्हणून आणि नाना लंगरात स्वयंपाकी म्हणून. लढाई संपली, आबा परत आले. नाना एका मेजरच्या घरचं रांधायला म्हणून त्याच्याबरोबर विलायतेला गेले आणि पाचेक वर्षांनी, आई गेल्यावर, एका पेटीनिशी गावात उतरले. त्या पेटीत काय होतं कुणाला माहीत नाही. पण आल्या आल्या त्यांनी जे सांगितलं ते सगळ्या गावाला माहीत होतं. ते म्हणाले, मी तिकडं सिनेमात काम केलं. मी राजा झालतो.

झालं! त्या दिवसापासून गावानं त्यांचं नाव 'राजेसाहेब' ठेवलं. आबांनीच ठेवलं खरं तर.

आमच्या गुऱ्हाळावर नाना चुलवाणाला जाळ घालायला असायचे. मला ते गुऱ्हाळ अजून नाकात आहे. काहिलीत रस उकळायला लागला की आधी हिरवट, कच्चा वास यायचा. मग मळी निघायची, आणि मग तो वास हळूहळू घट्ट व्हायचा, इतका की आपण नुसते श्वास घेऊन गोड होतोय असं वाटायचं. चरकाची कुरकुर, उसाच्या चिपाडांचा तडतडाट. नाना खाली खड्ड्यात, चुलवाणाच्या तोंडाशी, अंगावर फक्त एक बंडी, आणि भुवयांवर राख. वरून आबा ओरडायचे, "राजेसाहेब, जाळ कमी पडतोय. राज्य सोडून जरा चुलवानाकडं बगा!" मग गुळव्यापासून मोळी टाकणाऱ्यापर्यंत सगळे हसायचे. नानाही हसायचे. मीसुद्धा.

दुपारी त्यांची भाकरी घेऊन मी जायची. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून वरून त्यांच्या पसरलेल्या फडक्यात टाकायची. देत नव्हते, टाकत होते. गावजेवणातही त्यांच्या वस्तीची पंगत सगळ्यांची उठल्यावर, लांब चिंचेखाली बसायची. माझ्या डोळ्यांना ते झाडासारखं, विहिरीसारखं दिसत होतं, होतंच तसं म्हणून. पण नाना भाकरी खाताना गोष्ट सांगायचे, आणि गोष्टीसाठी मी काठावर पाय सोडून बसायची.

"लंडनच्या बाजारात कांदं घ्यायला गेलतो, ताई. एक टोपीवाला सायब आला. म्हनला, तू हिंदुस्तानचा काय रं? म्हनलं, व्हय. दुसऱ्या दिशी मोटार आली. मोट्या गोदामात नेलं. थितं आत वाडा उबा केलता, लाकडाचा. मला फेटा बांदला, मोत्याच्या माळा घातल्या. आनि तोंडाला रंग लावला."

"कसला रंग?"

"काळा. मी हायच की काळा, पर त्येंच्या मनात आला न्हाई तेवडा. म्हनलं, हिंदुस्तानचा राजा आनिक काळा पायजे."

मग तो लांब टेबल, चांदीची भांडी, मेणबत्त्या, आणि मधोमध नाना. दोन्हीकडं गोरे लॉर्ड आणि त्यांच्या बायका, माना लववून बोलताहेत. तीन दिवस तो एक प्रसंग चालला.

"काय काय जेवलासा नाना?"

"कुटलं जेवतोय! मासा साबनाचा हुता. फळं मेनाची. पोटात ही भूक, आनि म्होरं येवडं ताट. हात लावायचा न्हाई म्हनून सांगितलेलं. दिवं इजलं की ती मोटी मान्सं म्होरल्या दारानं त्येंच्या खोलीत जेवाय जायची, आनि मला मागल्या दारानं दुसऱ्या लायनीत. फेटा काडून ठेवायचा आनि पाव खायाचा." नाना फडकं झटकायचे. "पर दिवं लागलं की पुन्ना मीच राजा."

यातलं मागचं दार मला तेव्हा कळलं नाही. मोत्याच्या माळा तेवढ्या कळल्या.

पुढं मी मोठी झाले आणि नानांनी गोष्ट सांगणं सोडलं. त्यांच्या बायकोनंच म्हणे एकदा चारचौघींत म्हटलं, "येडं झालंय माजं मान्स, लढाईत डोस्क्याला लागलंय." त्यानंतर कुणी विचारलं तरी ते म्हणायचे, "जाऊ द्या हो. कवाची गोष्ट."

सरांचा तो कागद घेऊन मी शनिवारी एस.टी.नं गावी आले. नाना वस्तीच्या देवळापाशी दोरखंड वळत बसले होते. मी सांगितलं. त्यांचे हात थांबले. घायपाताचा तो दोर आपोआप उलगडत गेला.

"त्योच आसंल कशावरनं?"

"नाना, लॉर्ड आहे, जेवण आहे, महाराजा आहे. सांगलीला चला. बघू या."

"नगं, ताई."

"का?"

सुटलेले पीळ बोटांनी गोळा करत ते म्हणाले, "आनि नसलो म्हंजे? कापून टाकत्यात म्हनं ती लोकं, नगं आसंल त्ये. आता निदान माज्या डोळ्याम्होरं तरी हाय त्ये. थितं गेलो आनि मीच न्हाई दिसलो, तर मग माज्याजवळ काय ऱ्हायलं?"

तोवर ही बातमी गावभर झाली होती. संध्याकाळी आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मी बी येतो की सांगलीला. बगू तरी राजेसाहेबांचा दरबार." मला आबांचा राग आला. वाटलं, उगाच बोलले मी. आता नानांना जावंच लागणार, आणि खोटे ठरले तर आबा ते शेवटपर्यंत पुरवून पुरवून वापरणार.

रविवारी पहाटे पहिल्या गाडीला नाना आले. इस्त्रीचं धोतर, करकरीत कोट, आणि गळ्याशी बंद केलेली गुंडी. आबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ते गाडीत चढले. गाडीत आबा पुढं बसले, नाना अगदी मागं.

थेटरात सरांनी दोघांसाठी मधल्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. नाना भिंतीकडं सरकले. "मी हितं हुबा ऱ्हातो. मला बरं पडतं."

सर म्हणाले, "आवं, उभं राहून कुणी सिनेमा बघतं का? बसा." आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांनी नानांना बसवलं. शेजारी आबा. मी नानांच्या दुसऱ्या बाजूला. नाना खुर्चीच्या कडेवर, पाठ न टेकता बसले होते.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. पाऊस, छत्र्या, गळणारा वाडा, छतातून टपकणाऱ्या पाण्याखाली चांदीची पातेली लावणारा म्हातारा नोकर. पोरं हसत होती. पुतण्या आला, म्हातारी आत्या आली, एक बिशप आला, एक निवृत्त जनरल आला. महाराजांचं नुसतं नाव सारखं निघत होतं. ते नावही कसलं, गुळाच्या ढेपेला मुंग्या चिकटाव्यात तशी अक्षरं एकमेकांना चिकटवलेलं, कुठल्याच भाषेतलं नसलेलं. मी अंधारात नानांकडं बघत होते. पडद्यावरचा उजेड त्यांच्या तोंडावर येत-जात होता, पण ते कशालाच हलत नव्हते. मध्यंतर झालं तरी महाराजांचा पत्ता नाही.

काचेच्या ग्लासांतून चहा आला. आबांनी भुरका मारला. "सवारी वाटंत आसंल अजून," ते म्हणाले. नानांनी चहा घेतला नाही.

मध्यंतरानंतर दुसऱ्याच प्रसंगात वाड्याचं मोठं दार उघडलं. धुकं. मोटारीचे दिवे. आणि पायऱ्या चढून आत आला एक सडपातळ तरुण. फेटा, मोत्याच्या माळा, गुडघ्याखाली आलेला अंगरखा. रंग फासला होता खरा, पण भुवया त्याच होत्या. चुलवाणाच्या तोंडाशी ज्यांच्यावर राख बसायची, त्याच. आमचे नाना, पंचवीस वर्षांचे.

"आगं आई," नाना पुटपुटले. दुसरं काही नाही.

आबा पुढं झुकले. हातातल्या काठीवर त्यांनी हनुवटी टेकवली.

टेबल मांडलं. लॉर्ड वाकला, बिशप वाकला, जनरल वाकला. एक बाई महाराजांशी मोठमोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलायला लागली, जणू ते बहिरे आहेत. महाराजा नुसते बसलेले, सरळ, गंभीर. ताटाला हात नाही. आणि मग ते विषाचं प्रकरण सुरू झालं. काकाच्या वाटीतली आमटी फिरत फिरत सगळ्यांनाच गेली होती. बिशप बोलता बोलता ताटावर कोसळला. तर बाकीच्यांनी तिकडं बघितलंच नाही, कारण जेवताना दुसऱ्याच्या ताटात बघणं बरं दिसत नाही. नोकरानं येऊन बिशपचं डोकं अदबीनं उचललं, खालचं ताट काढलं, पुढचं ठेवलं. मग आत्या, मग जनरल. प्रत्येकाच्या मरणाला सगळं थेटर फुटत होतं. सरांचे खांदे गदागदा हलत होते.

आणि या हसण्याच्या मध्ये, प्रत्येक वेळी, पडद्यावर महाराजांचा चेहरा यायचा. काहीच न कळलेला, शांत. त्यावर तर हशा दुप्पट व्हायचा.

नानांचा हात माझ्या मनगटावर आला. त्यांनी ते घट्ट धरलं. "ताई, का हसत्यात समदी?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! त्या टोपीवाल्या साहेबानं फेटा बांधून बसवलं, जेवू नको म्हणाला, नीट बस म्हणाला, आणि हे नीट बसले. इतकी वर्षं हा माणूस एका मोठ्या राजाच्या गंभीर सिनेमात काम केल्याच्या आठवणीवर जगत आला होता. तो विनोद आहे हे त्याला आत्ता, भरल्या थेटरात कळत होतं.

मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी. उच्चवर्गाची टिंगल, उपरोध, सगळं मला पाठ होतं. त्याच विषयावर मी निळ्या शाईत पानभर लिहिलं होतं. आणि मला एक वाक्य सुचेना.

बोलले ते आबा. पडद्यावरची नजर न हलवता, नानांच्या कानाशी तोंड नेऊन.

"तुला न्हाई रं हसत, गड्या. त्या मेल्यांस्नी हसत्यात. समदी मेली बग टेबलावरची, तू येकटा जिता हायस."

पडद्यावर शेवटी खरंच तसं झालं. टेबलाभोवती सगळे आडवे, आणि मधोमध महाराजा. म्हातारा नोकर येऊन वाकून विचारतो, महाराज कॉफी घेणार का? महाराजा किंचित मान हलवतात. संपलं.

आबा म्हणाले ते पूर्ण खरं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. थोडं हसणं नानांच्या वाट्याचंही होतं. पण नानांचा हात हळूहळू सैल झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलं.

नामावली वर सरकत गेली. मी एकेक ओळ वाचली. लॉर्डचं नाव होतं, बिशपचं होतं, नोकराचं होतं. महाराजांसमोर काही नव्हतं. महाराजा हा शब्दच नव्हता.

"आलं का माजं?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना."

"न्हाई आलं," ते म्हणाले, आणि मान डोलावली.

दिवे लागले. सिनेमानंतर चर्चा व्हायची, तशी सर उभे राहिले. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की या सिनेमातले एक कलाकार आज आपल्यात बसलेले आहेत, आणि त्यांचं पूर्ण नाव घेतलं. दौलत रामा कांबळे. सगळ्या माना वळल्या. नाना उभे राहिले. पलटणीत राहिलेल्या माणसासारखे ताठ, हात मांड्यांना चिकटवून. कुणीतरी विचारलं, "तुम्हाला सिनेमा कसा वाटला?"

"हसायचा हाय, ते मला आज कळलं," नाना म्हणाले. "पर चांगला हाय."

टाळ्या किती वेळ वाजल्या सांगता येणार नाही. आबा वाजवत नव्हते. ते खाली बघून काठीचं टोक फरशीवर घासत होते.

दुपारी आम्ही स्टँडजवळच्या खानावळीत जेवलो. नाना बाहेरच्या बाकाकडं वळले, तर आबा त्यांच्या कोटाची बाही धरून म्हणाले, "कुटं निगालास? हितं हाय की जागा." समोरासमोर दोन ताटं आली. नानांनी दोन वेळा भात घेतला. परतीच्या गाडीत ते एका बाकावर बसले आणि तासगाव यायच्या आत दोघंही झोपले, आबांची टोपी नानांच्या खांद्यावर घसरून.

गाव काही त्या एका रविवारानं बदललं नाही. फाट्यावर उतरल्यावर नाना सवयीनं चार पावलं मागं राहिले, आणि आबांनीही मागं वळून पाहिलं नाही. पुढच्या वर्षीच्या गावजेवणात चिंचेखालची पंगत चिंचेखालीच बसली. फरक एवढाच झाला की आबांनी त्यांना राजेसाहेब म्हणणं सोडलं. दौलत म्हणायला लागले. आणि गंमत अशी की नाना मला एकदा म्हणाले, "आता मालक राजेसाब म्हनत न्हाईत बग. मी खरं सांगत हुतो ते पटलं न्हवं त्येंस्नी!" ते खूश होते की खट्टू, मला सांगता आलं नाही.

त्या दिवशी चादरी घेऊन मी त्या थेटरातून बाहेर पडले आणि थेट सुजाताकडं गेले. सुजाता नानांची नात. इथं सांगलीतच शाळेत शिकवते. तो सिनेमा आता फोनवरही मिळतो, साफसूफ केलेला, खाली अक्षरं असलेला. तिनं तो टीव्हीवर लावला. आम्ही दोघींनी सोफ्यावर पाय घेऊन पाहिला. आजोबा दारातून आत आले तेव्हा तिनं तोंडावर हात धरला. पण शेवटी ती हसत नव्हती.

"चिडायला होतं, ताई," ती म्हणाली. "लॉर्ड लोकांची टिंगल करताहेत, ठीक आहे. पण त्या मेलेल्यांनासुद्धा बोलायला वाक्यं आहेत. माझ्या आजोबांना एक नाही. पुन्हा वर काळं फासलंय. खुर्चीवर फेटा ठेवला असता तरी चाललं असतं यांना."

ती म्हणत होती ते बरोबर होतं. मी तिला तसं म्हटलं. आणि मग तिला एक गोष्ट सांगितली, जी तिच्या जन्माच्या आसपासची, म्हणून तिला माहीत नव्हती.

सांगलीच्या त्या रविवारानंतर चार-पाच वर्षांनी आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलणं कुणाला कळेना. जेवण भरवायला गेलं की तोंड फिरवायचे. एका दुपारी नाना चौकशीला म्हणून अंगणात येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज ऐकला आणि आतून आबा हंबरल्यासारखे ओरडायला लागले.

माझी आई भाकरी करत होती. पिठाच्या हातानं ती बाहेर आली. "नाना, आत या."

"आक्का, मी हितनंच बगतो की."

"हितनं दिसत न्हाईत ते. आत या."

नानांनी वहाणा काढल्या, नीट भिंतीला लावल्या. माझे चुलते सोप्यात बसले होते. ते काहीतरी बोलायला गेले, तर आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते पेपर वाचायला लागले. नाना उंबरा ओलांडून आत आले आणि आबांच्या खाटेपाशी जमिनीवर बसायला लागले. आबांनी डावा हात खाटेवर आपटला. एकदा, दोनदा. नाना उठले आणि खाटेवर बसले.

त्यानंतर रोज दुपारी नाना यायचे. नाचणीची पेज स्वतः करायचे, लंगरातल्यासारखी पातळ, आणि चमच्यानं भरवायचे. आबा मुकाट जेवायचे. पेज भरवताना नाना गोष्ट सांगायचे. कुठली, ते मला सुटीत घरी आल्यावर कळलं. मी माजघरात शेंगा फोडत बसले होते आणि आत खाटेवर तो सिनेमा चालू होता. बिशप नव्हता, गावच्या विकास सोसायटीचा चेअरमन होता. जनरलच्या जागी फौजदार होता. पाऊस, गळका वाडा, आमटी, सगळं होतं, आणि एकेक जण ताटात तोंड घालून मरत होता. आबा अर्ध्या तोंडानं खिंकाळल्यासारखे हसत होते, पेज हनुवटीवरून ओघळत होती आणि नाना ती फडक्यानं टिपत होते.

पण त्या गोष्टीत महाराजा गप्प नव्हते. बोलत होते. फौजदाराला चार गोष्टी सुनावत होते, मोठ्यानं तोडून बोलणाऱ्या बाईला "मला ऐकू येतंय, बाई" म्हणत होते. रोज नवीन काहीतरी. आबांनी सिनेमा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. महाराजा एक शब्द बोलत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खाणाखुणा करून ते 'न्हाई' म्हणू शकले असते. त्यांनी एकदाही तसं केलं नाही. चमचा थांबला की ते फक्त विचारायचे, "आन् मंग?" तेवढे दोन शब्द त्यांना स्पष्ट बोलता यायचे.

"मंग काय," नाना म्हणायचे. "समदी आडवी झाली. मी येकटा हुबा ऱ्हायलो, फेटा नीट केला, आनि म्हनलं, उटा रं आता, जागा करा. माज्या गावची मान्सं जेवायची ऱ्हायल्यात."